ब्रोकन हिलला राहायचं कुठे? पबवरची खोली की मोटेल (सोबत माळकरी वडील)

मीठभाकर

नमस्कार मंडळी,
जुलैच्या शाळेच्या सुट्टीत सिडनीहून गाडीने ब्रोकन हिलला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि सांगलीहून आलेले आई-बाबा. बाबांना इथलं सगळं दाखवून झालं, हार्बर ब्रिज झाला, ब्लू माउंटन्स झाले, तर परवा म्हणाले, शहर बघितलं गं, पण या देशाला शिवार कुठाय? त्यावर नवऱ्याने उत्साहात ब्रोकन हिल (आपल्याच न्यू साउथ वेल्सच्या पार पश्चिम टोकाचं खाणगाव) काढलं आणि हॉटेल शोधायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

नेटवर शोधलं की निम्म्या नावांपुढे हॉटेल लिहिलंय आणि फोटो बघावा तर बिअरचे नळ आणि टीव्हीवर घोड्यांची रेस. मोटेल म्हणून जी दिसतात ती नेमकी त्या आठवड्यात फुल. बाबा माळकरी आहेत, आई अंडंसुद्धा खात नाही, तिचे गुडघे दुखतात, आणि आषाढी एकादशी त्याच सुमाराला येतेय. पबच्या वरच्या खोल्या कुटुंबासाठी बऱ्या असतात का? जेवणाचं काय? कुणी राहिलंय का तिकडे? जरा सविस्तर लिहा प्लीज.

चौकसबुद्धी

वाचतेय. आम्हालाही कधीचं जायचंय, सासूबाई आल्या की.

खडूस

माळकरी वडलांना घेऊन पबात मुक्काम. पांडुरंगा! एवढा उपद्व्याप कशाला, पोर्ट स्टीफन्सला जा, अपार्टमेंट घ्या, डॉल्फिन बघा, वरण-भात लावा आणि परत या.

उंटावरचा_शहाणा

मी ॲडलेडला असतो, ब्रोकन हिलला कामानिमित्त जाणं होतं. सिडनीपेक्षा आम्हालाच ते जवळ, ५१० किलोमीटर, तुम्हाला साडेअकराशेच्या वर पडेल.

आधी हॉटेलचा घोळ. पूर्वी इथे दारूचं लायसन हवं तर वाटसरूंसाठी खोल्या ठेवाव्याच लागत, म्हणून दिसेल त्या पबच्या पाटीवर हॉटेल. नियम गेला, पाट्या राहिल्या. आता काही ठिकाणी वर खरंच नीटनेटक्या खोल्या आहेत, काही ठिकाणी वर स्टाफ राहतो आणि काही ठिकाणी नुसती कबुतरं. ॲपवरून यातलं काही कळत नाही, कारण लहान गावातले बरेच पब खोल्या ॲपवर टाकतच नाहीत, कमिशन कोण देणार, त्यांची वही असते काउंटरखाली. म्हणजे फोन करायचा, आणि तोही दुपारी दोन-अडीचनंतर, जेवणाच्या वेळात केलात तर कुणाला धड बोलायला सवड नसते.

फोनवर काय विचारायचं तर बाथरूम खोलीत आहे की व्हरांड्याच्या टोकाला, खोली बारच्या डोक्यावर आहे की मागच्या बाजूला, जिना किती आणि कसा, हीटर चालतो का (जुलैत रात्री चांगलीच थंडी पडते, वाळवंट म्हणजे गरम असं समजून येणारे लोक दुसऱ्या दिवशी जॅकेट शोधत फिरतात), आणि किचन किती वाजता बंद होतं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, त्यावर मग लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

पॅरामॅटाकर

पबच्या भानगडीत पडूच नका असं माझं मत. मोटेलच बरं. गाडी दारात लावता येते, आईंना एक पायरी चढायची नाही, खोलीत किटली, टोस्टर, छोटा फ्रिज, बहुतेक ठिकाणी मायक्रोवेव्ह. रात्री उठलं तर बाथरूम चार पावलांवर. पबच्या कॉरिडॉरमध्ये रात्री दोन वाजता टॉवेल गुंडाळलेला खाणकामगार समोर आला तर काकूंना काय वाटेल?

फक्त लक्षात ठेवा की मोटेलचं रिसेप्शन संध्याकाळी लवकर बंद होतं. आधी फोन करून सांगितलं की उशीर होणार तर किल्ली दाराशेजारच्या छोट्या पेटीत ठेवतात आणि कोड एसेमेस करतात. आम्हाला एका गावात (ब्रोकन हिल नव्हे) कोडच आला नव्हता कारण आमच्या सिमला तिकडे रेंज नव्हती, मग अर्धा तास दार वाजवत बसलो आणि आतला माणूस निवांत टीव्ही बघत होता. टेल्स्ट्राचं एक सिम सोबत असू द्या, आउटबॅकमध्ये (आतल्या ओसाड मुलखात) त्याच्याइतकी रेंज दुसऱ्या कुणाची नाही.

आणि खोलीत फोडणी देऊ नका! स्मोक अलार्म वाजला की कित्येक ठिकाणी फायर ब्रिगेड आपोआप येते आणि त्याचं बिल पाहुण्याच्या माथी मारतात.

पंचगंगेकाठी

ताई, मी कोबारला खाणीत मेंटेनन्सला हाय, मूळचा शिरोळचा, म्हणजे तुमच्या शेजारचाच. मोटेल फुल दिसत्यात त्याचं कारण सांगतो. सोमवार ते गुरुवार कॉन्ट्रॅक्टर लोकांनी खोल्या धरून ठेवलेल्या असत्यात, कंपनीच्या नावानं, महिन्याच्या महिने. खाणीत शटडाऊन (दुरुस्तीसाठी काम बंद) असला की मग इचारूच नका, गावात पाठ टेकायला जागा मिळत न्हाई. पण शुक्रवारी निम्मी माणसं घरला जात्यात आणि खोल्या मोकळ्या होत्यात, त्या ॲपवर लगेच येत न्हाईत. तवा तुमची तारीख शुक्रवार ते सोमवार अशी बसवा आणि थेट फोन लावा. शनिवार-रविवार पर्यटक असत्यात खरं, पण खोली मिळती.

ऑगस्टमध्ये मात्र जाऊ नका, सिल्व्हर्टनजवळ मुंडी मुंडी बॅश म्हणून संगीताचा मोठा जलसा असतो, तवा तंबूसकट सगळं भरतंय. सप्टेंबरात आणिक एक फेस्टिव्हल असतो, ब्रोकन हील म्हणून (हील म्हंजे टाच, हिल न्हवं). जुलै बरा.

मीठभाकर

बापरे केवढी माहिती! शिरोळ म्हणजे अगदी शेजारच की हो. शुक्रवारचा मुद्दा आमच्या डोक्यातच नव्हता.

खडूसकाका, तुमचं वाक्य बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, वारीत गोठ्यात झोपलोय, शाळेच्या व्हरांड्यात झोपलोय, वाटेवरच्या गावात खाली देशी दारूचं दुकान आणि वर आमची दिंडी असंही झालंय. झोपायला काय, खाली उतरून प्यायची नाही एवढंच ना. त्यांचा प्रश्न मिटला, आईचा मिटायचाय. तिला जिना आणि बाथरूम या दोनच गोष्टींची काळजी आहे आणि खरं सांगायचं तर मलाही.

खडूस

माउलींना दंडवत सांगा. मी माझे शब्द मागे घेतो, डॉल्फिन सोडून.

उंटावरचा_शहाणा

परत आलो. मीठभाकर, तुमच्या बाबांना एक मजा सांगा. आर्जेंट स्ट्रीटवर जे पॅलेस हॉटेल आहे, गावातली सगळ्यात दिमाखदार इमारत, तिन्ही मजल्यांना लांबलचक व्हरांडे, ते मुळात दारूबंदीवाल्यांनीच बांधलं! १८८९ साली, कॉफी पॅलेस म्हणून. खाणकामगारांनी गुत्त्यात न जाता इथे येऊन कॉफी प्यावी आणि सुधारावं असा हेतू. चांदीच्या खाणीत दिवसभर घाम गाळलेला माणूस कॉफी प्यायला कशाला येतोय, तीन वर्षांत धंदा बसला आणि १८९२ मध्ये दारूचं लायसन घेतलं. आत भिंतींवर, जिन्यात, छतावर सगळीकडे मोठमोठी चित्रं रंगवलेली आहेत, त्यातली बरीच गॉर्डन वे या आदिवासी चित्रकाराची. वाळवंटातल्या पबमध्ये धबधबे आणि हिरवीगार राई. गाजलेल्या सिनेमाचं शूटिंगही झालंय तिथे, त्यामुळे खोली घेतली नाही तरी लोक आत डोकावून जातात, कुणी हटकत नाही. खोल्या दोन्ही तऱ्हेच्या आहेत, बाथरूमवाल्या आणि बिनबाथरूमच्या, बुक करताना नीट बघा. आणि जिना चढायचा आहे.

शुक्रवारी रात्री मात्र तिथे टू-अप चालतो. दोन नाणी लाकडी फळीवरून उडवायची आणि छापा की काटा यावर पैसे लावायचे. न्यू साउथ वेल्समध्ये इतरत्र हा खेळ अँझॅक डे (सैनिकांचा स्मृतिदिन) वगैरे मोजक्या दिवशीच कायदेशीर, ब्रोकन हिलला मात्र वर्षभर परवानगी आहे. गोंगाट असतो बराच. खोली शुक्रवारची नको.

रॉयल एक्स्चेंज हे दुसरं, आर्ट डेको बांधणीचं, ते जास्त शांत, पबपेक्षा आपल्या अर्थाने हॉटेलच म्हणा.

आता किचन. हे नीट ऐका कारण इथेच भारतीय माणूस उपाशी झोपतो. दुपारी बारा ते दोन, संध्याकाळी सहा ते आठ, फार तर साडेआठ. नंतर बार चालू राहतो पण शेगडी बंद. रविवारी संध्याकाळी काही ठिकाणी किचनच नसतं, लहान गावांत सोमवार-मंगळवारीही नसतं. त्यात ब्रोकन हिलचं घड्याळ सिडनीच्या अर्धा तास मागे, ते ॲडलेडची वेळ पाळतात. फोन कधी आपोआप बदलतो कधी नाही.

चौकसबुद्धी

एकाच राज्यात वेगळी वेळ? का बरं?

उंटावरचा_शहाणा

कारण त्या गावाचं सगळं येणं-जाणं दक्षिण ऑस्ट्रेलियाशी. चांदी, शिसं, जस्त सगळं १८८८ पासून सिल्व्हर्टन ट्रामवेने सीमेपलीकडे आणि तिथून पोर्ट पिरीच्या भट्ट्यांकडे जायचं. सिडनीची रेल्वे पोचली १९२७ साली! तोवर गाव ॲडलेडचं होऊन गेलं होतं. आजही पबमधल्या टीव्हीवर ऑस्ट्रेलियन रूल्सची फुटी लागते, सिडनीवाल्यांची रग्बी लीग क्वचित. बारमध्ये गप्पा मारायच्या असतील तर जावईबापूंना एवढं सांगून ठेवा.

तूपसाखर

शाकाहाराबद्दल मी लिहिते, आम्ही जैन आहोत आणि नवऱ्याला असल्याच ठिकाणी फिरायची हौस आहे, त्यामुळे माझा यात जन्म गेला.

पबमध्ये वेटर येऊन विचारेल म्हणून बसून राहू नका. काउंटरवर जायचं, ऑर्डर द्यायची, तिथेच पैसे द्यायचे, ते नंबराचा दांडा देतात तो टेबलावर ठेवायचा. मेन्यूत चिकन परमी, श्निट्झेल, स्टेक, फिश अँड चिप्स, रोस्ट ऑफ द डे. आपल्या वाट्याला चिप्स, वेजेस, गार्डन सॅलड आणि एखादा व्हेजी बर्गर. तर बर्गरच्या पॅटीत अंडं असू शकतं, विचारा. भोपळ्याच्या सूपमध्ये चिकन स्टॉक असू शकतो, विचारा. रोस्टबरोबरच्या भाज्या पुष्कळदा मांसाच्याच ट्रेमध्ये भाजलेल्या असतात. आणि चिप्स! हे कुणाच्या लक्षात येत नाही. मासे, चिकन आणि चिप्स एकाच कढईत तळतात. काउंटरवर सरळ विचारायचं की चिप्सचा फ्रायर वेगळा आहे का. मोठ्या बिस्ट्रोमध्ये (म्हणजे पबमधल्या जेवणाच्या भागात) कधीकधी असतो, लहान पबमध्ये शक्यता कमी. लाजायचं नाही, ती माणसं उलट मनापासून सांगतात, एकदा एक आचारी हात पुसत स्वतः बाहेर आला आणि म्हणाला फ्रायर एकच आहे पण मी तव्यावर बटाटे परतून देतो. बटाटे, कांदा, मशरूम, वर वितळलेलं चीज, मस्त ताट दिलं त्याने. आम्ही कांदा बाजूला काढला पण त्याला सांगितलं नाही.

गर्दीच्या साडेसहाला असलं काही मागू नका. सहाच्या ठोक्याला गेलात तर किचनवाल्यांना वेळ असतो.

मीठभाकर

तूपसाखर, एकाच कढईचं खरंच लक्षात आलं नव्हतं. आई तर चिप्स म्हणजे हक्काचं शाकाहारी म्हणून खाते सगळीकडे! आता तिला सांगू की नको कळत नाहीये.

तूपसाखर

मागचं सांगू नका, पुढचं सांभाळा :)

पॅरामॅटाकर

मुलगी सोबत आहे तर एक. मुलांना पबमध्ये मोठ्यांबरोबर बिस्ट्रोत, बिअर गार्डनमध्ये बसता येतं. बारपाशी नाही आणि पोकी मशिनच्या (जुगाराच्या यंत्रांच्या) खोलीत तर अजिबात नाही. त्यापेक्षा क्लब बघा, ब्रोकन हिलला डेमोक्रॅटिक क्लब आहे, म्युझिशियन्स क्लब आहे. दारात नाव-पत्ता लिहून आत जायचं, ओळखपत्र दाखवावं लागतं, आई-बाबांचे पासपोर्ट किंवा त्यांचा फोटो ठेवा जवळ. सपाट फरशी, लख्ख उजेड, भरपूर कुटुंबं, आणि जिन्याचा प्रश्न नाही.

निवडुंग७

कुणीच कॅरव्हान पार्कबद्दल कसं नाही लिहिलं? नावावर जाऊ नका, कॅरव्हान नसली तरी चालतं. तिथे केबिन असतात, म्हणजे छोटी घरंच, एक डबल बेडची खोली, एक बंकची, स्वतःचं बाथरूम, आणि मुख्य म्हणजे शेगडी-भांड्यांसकट स्वयंपाकाची जागा. चार-पाच माणसांना पबच्या दोन खोल्यांपेक्षा बहुतेक स्वस्तच पडतं. फक्त दोन-तीन पायऱ्या असू शकतात पुढे, आजींसाठी विचारून घ्या, काही केबिनना उतार केलेला असतो.

एकादशीचा प्रश्नच मिटतो. साबुदाणा, वरी, दाण्याचं कूट सिडनीतल्या हॅरिस पार्कच्या भारतीय दुकानांतून घेऊन जा, बटाटे, केळी, दही तिथल्या कोल्स-वुलवर्थ्समध्ये मिळतं. पण रेंज हूड (शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा) लावा, खिडकी उघडा, वर तो अलार्म असतोच.

मीठभाकर

निवडुंग७, तुम्ही देवासारखे धावलात. केबिनची कल्पना आईला जाम आवडलीय, तिने आत्ताच साबुदाणा किती भिजवायचा याचा हिशेब सुरू केलाय.

आता रस्त्याचं सांगा. मध्ये कुठे थांबायचं? नवरा म्हणतो डबो.

पंचगंगेकाठी

डबो नको ताई. सिडनी ते डबो ४०० किलोमीटर, म्हणजे दुसऱ्या दिवशी साडेसातशे उरत्यात. जुलैत साडेपाचला अंधार होतोय आणि अंधारात त्या रस्त्यावर गाडी चालवायची न्हाई म्हंजे न्हाई. कांगारू, इमू आणि रानबकऱ्या, कोबार ते विल्केनिया बकऱ्या तर कळपानं रस्त्याकडंला उभ्या असत्यात, त्यांचं काय डोकं चालंल सांगता येत न्हाई. कांगारू येकदम उजेडाकडं उडी मारतंय. भाड्याची गाडी असंल तर इन्शुरन्सचं बारीक अक्षर वाचा, गावाबाहेर रात्री जनावर धडकलं तर काही कंपन्या भरपाई देत न्हाईत.

नाहीतर निंगन, नाहीतर कोबार. निंगन पडतंय साडेपाचशेच्या वर, म्हंजे साधारण निम्मी वाट. कोबार आणिक १३० पुढं. लवकर निघत असाल तर कोबार करा. ग्रेट वेस्टर्न हॉटेल बघा, तिथला लोखंडी जाळीचा व्हरांडा जवळजवळ १०० मीटर लांब हाय, जगातल्या सगळ्यात लांब व्हरांड्यांत मोजत्यात. बाबांचा त्यावर नुसता फेरफटका करून आणा, प्रदक्षिणा झाल्यागत वाटंल.

कोबारला टाकी फुल करायची. विल्केनियापत्तूर २६० किलोमीटर, मध्ये एमडेलचं रोडहाऊस (पंप आणि खाणावळ) तेवढं. विल्केनियाहून ब्रोकन हिल १९५, मध्ये लिटल टोपार. पाणी प्रत्येकाला वेगळं आणि जास्तीचं.

खडूस

गाडीच कशाला? रेल्वे आहे की. आठवड्यातून एकदा, सोमवारी सकाळी सिडनी सेंट्रलहून निघते आणि संध्याकाळी पोचते, मंगळवारी परत येते. बसून जा, डबा खा, कांगारू खिडकीतून बघा.

मीठभाकर

खडूसकाका, एवढी माहिती असताना डॉल्फिन काय सांगत होतात! पण सोमवारी जाऊन मंगळवारी परत म्हणजे काय बघणार, नाहीतर आठवडाभर राहायचं. आणि तिथे फिरायला गाडी लागेलच ना.

उंटावरचा_शहाणा

लागेलच. सिल्व्हर्टन २५ किलोमीटरवर आहे, तिथे गेल्याशिवाय येऊ नका. कधीकाळचं खाणगाव, आता मूठभर माणसं, रस्त्यात मोकळी फिरणारी गाढवं आणि एक पब, सिल्व्हर्टन हॉटेल. मॅड मॅक्सच्या दुसऱ्या भागाचं शूटिंग १९८१ मध्ये याच भागात झालं, त्याचं म्युझियम आहे, त्यात गाड्यांचे सांगाडे वगैरे, तुमचे बाबा कुठल्या क्षेत्रात होते माहीत नाही पण यंत्रांची आवड असेल तर रमतील. पुढे थोडं गेलं की मुंडी मुंडीचा कठडा, जिथून समोर नुसतं सपाट दिसतं, क्षितिजापर्यंत काही म्हणजे काही नाही. शिवार बघायचंय ना त्यांना, हे घ्या. दुपारचं जेवण सिल्व्हर्टनला करा आणि उजेडात परत या. सूर्यास्त बघायला सगळे थांबतात आणि मग रस्ता कांगारूंचा होतो. थांबायचंच तर ब्रोकन हिलपासून जवळ लिव्हिंग डेझर्टच्या टेकडीवर शिल्पं आहेत, १९९३ साली देशोदेशीच्या शिल्पकारांनी घडवलेली, तिथून सूर्यास्त बघा, परतीचं अंतर कमी पडतं.

अवांतर: गावाच्या उत्तरेला उंटवाल्यांची पत्र्याची छोटीशी मशीद आहे, तीही दाखवा. अफगाण म्हणून ओळखले गेले पण त्यांच्यात बलुची, पठाण, पंजाबी, सिंधी सगळे होते. रेल्वे आणि मोटारी येईपर्यंत या भागातला किराणा, लोकर, पबमध्ये लागणारा मालसुद्धा यांच्या उंटांवरून जायचा, स्वतः पीत नसले तरी. उंट यायचे कराचीहून, आणि कराची १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होती, म्हणजे एका अर्थाने आपल्याच इलाख्यातून निघालेली मंडळी. १९१५ च्या १ जानेवारीला यांच्यातल्याच दोघांनी तुर्कस्तानच्या बाजूने म्हणून सहलीच्या रेल्वेवर गोळीबार केला होता, तो प्रसंग गावात अजून सांगतात. मशीद ठरावीक वेळीच उघडते, आधी चौकशी करा.

मीठभाकर

बाबा एसटीत मेकॅनिक होते, विट्याच्या डेपोत! म्हणजे गाड्यांचे सांगाडे बघून रमणार आणि वर प्रत्येकात काय बिघडलंय तेही सांगणार.

तूपसाखर

मुलीला साउथ ब्रोकन हिलमधल्या बेल्स मिल्क बारला न्या. १९५० च्या काळातली सजावट जशीच्या तशी आहे, सरबतांचे अर्क ते स्वतः बनवतात, मिल्कशेक धातूच्या उंच पेल्यात येतो. आजी-आजोबांनाही चालेल, आइस्क्रीममध्ये अंडं आहे का एवढं विचारा. आणि रस्त्यांची नावं वाचायला सांगा तिला, आर्जेंट, ऑक्साइड, क्लोराइड, सल्फाइड, ब्रोमाइड, अख्खं गाव रसायनशास्त्राच्या पुस्तकातून काढल्यासारखं आहे.

पॅरामॅटाकर

येताना ॲडलेडमार्गे यायचा विचार असेल तर फळं-भाज्या संपवून निघा. दक्षिण ऑस्ट्रेलियात फळमाशीमुळे बंदी आहे, ऊडला विराला गाडी तपासतात, दंड करतात. कढीपत्ता, मिरच्या, लिंबं, काहीच नको. पोळ्यांबरोबरचं लिंबू टाकून द्यायला काकूंच्या जिवावर येणार, म्हणून आधीच सांगतोय.

जावईबापू_स्वतः

मीठभाकरचा नवरा. खास या धाग्यासाठी आयडी काढला. माझा प्रश्न कुणी विचारतच नाहीये. बिअर कुठे चांगली मिळते?

उंटावरचा_शहाणा

हाहा, या या. कुठेही मिळते. सिडनीत स्कूनर म्हणजे ४२५ मिली, आमच्या ॲडलेडला स्कूनर मागितला तर २८५ मिली हातात येतो आणि ४२५ ला आम्ही पाइंट म्हणतो. ब्रोकन हिलला दोन्हीकडची माणसं असतात, बोट दाखवून ग्लास मागा म्हणजे घोटाळा नको. कुणी तुमच्यासाठी आणली तर पुढची खेप तुमची, ती चुकवून उठू नका, गावभर नाव होतं. गाडी चालवणार असाल तर मर्यादा ०.०५ आहे आणि आउटबॅकमध्येही पोलीस नळी तोंडात देतात. काही पब आणि क्लबांची घरी सोडणारी बस असते, काउंटरवर विचारा.

पंचगंगेकाठी

जावईबापू, सासरे संगं हायत हे ध्यानात ठिवा म्हंजे झालं.

मीठभाकर

फोन केले सगळे. दुपारी अडीचला, सांगितल्याप्रमाणे. कॅरव्हान पार्कमध्ये केबिन मिळाली, ॲपवर ती तारीख अजूनही फुल दाखवतंय! कोबारला तळमजल्यावरचं मोटेल शुक्रवारचं मिळालं, बाईंनी स्वतःहून सांगितलं की उशीर झाला तर किल्ली कुठे असेल, आणि वर विचारलं की सोबत म्हातारी माणसं आहेत तर हीटर आधीच लावून ठेवू का. इतक्या वर्षांत सिडनीत कुणी असं विचारलेलं आठवत नाही.

आणि आता गंमत. कॉफी पॅलेसची गोष्ट ऐकल्यापासून बाबा हटून बसलेत की दारूबंदीवाल्यांनी बांधलेल्या वास्तूत एक रात्र तरी राहायचंच. त्यामुळे शेवटची रात्र पॅलेसला, बाथरूमवाली खोली, मागची बाजू. आईने जिना मान्य केलाय, एकदाच चढणार आणि एकदाच उतरणार, जेवण वर आणून द्यायचं या अटीवर. पॅलेसमध्ये फोनवर विचारलं तर ते म्हणाले ताट वर न्यायला हरकत नाही, फ्रायरचं मात्र किचनला विचारून सांगतो.

सगळ्यांचे मनापासून आभार, आणि बाकी कुणाला विचारायचं असेल तर धागा चालू ठेवा.

चौकसबुद्धी

धागा चालूच ठेवते मग. आमच्या सासूबाई डिसेंबरमध्ये येतायत. ॲडलेडहून कूबर पेडीला जायचा विचार आहे, तिथे जमिनीखालची हॉटेलं असतात ना? डिसेंबरात जावं का?

उंटावरचा_शहाणा

डिसेंबरात बाहेर ४० च्या वर जातं कधीकधी आणि माश्या नाकातोंडात जातात, पण जमिनीखाली तुम्हाला त्याचा पत्ता लागणार नाही. १९१५ साली तिथे ओपल हे रत्न सापडलं, खाणवाल्यांनी उन्हातून सुटायला टेकडीतच घरं कोरली, आणि आता हॉटेल, मोटेल, चर्च सगळं पोटात. एसीशिवाय बारा महिने पंचविशीच्या आत तापमान राहतं. खोलीला खिडकी नसते हे सासूबाईंना आधी सांगा, काहींना कोंडल्यासारखं होतं. अशांसाठी बहुतेक ठिकाणी जमिनीवरच्याही खोल्या असतात, फोनवर विचारा.

अंतर ८५० किलोमीटर, पोर्ट ऑगस्टाला एक मुक्काम करा. ग्लेनडॅम्बोला पेट्रोल भरून घ्या, तिथून कूबर पेडीपर्यंत अडीचशे किलोमीटर पंप नाही.